कान पुन्हा पुन्हा का वाहतो, आणि तो कोरडा कसा ठेवायचा

मिरगाचा पाऊस धरला की गोव्यात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. कानाचंही तेच होतं. सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला पडद्याने बंद असलेली ही नळी एकदा ओली झाली की दमट हवेत ओलीच राहते. जून ते सप्टेंबर या काळात कान ठणकणं, खाजणं, दडे बसणं आणि वाहणं वाढतं ते यामुळे. त्याच माणसाला दर वर्षी, कधी कधी दर महिन्याला हा त्रास होतो आणि तो म्हणतो, "माझा कानच नाजूक."

कान नाजूक असतो असं क्वचितच. बहुतेकदा मागचाच त्रास पुरता संपलेला नसतो. ठणका थांबला म्हणून तिसऱ्या दिवशी थेंब बंद केलेले असतात, किंवा बुरशी झालेल्या कानात जंतूंवरचं औषध घातलेलं असतं, किंवा पडद्याला भोक आहे हे कुणी कधी बघितलेलंच नसतं. या तिन्हींपैकी आपलं काय, हे कळल्याशिवाय फार्मसीतून नवी बाटली आणण्यात अर्थ नाही.

आधी कान ओळखा

कानाच्या भोकासमोर, गालाच्या बाजूला जो छोटा कडक उंचवटा असतो तो बोटाने दाबा. मग कानाची वरची कड धरून हळूच वर आणि मागे ओढा. यापैकी कशानेही कळ आली तर त्रास बाहेरच्या नळीत आहे, पडद्याच्या अलीकडे. पोहणाऱ्यांचा, कान कोरणाऱ्यांचा आणि पावसाळ्यातला नेहमीचा त्रास हा. नळीची त्वचा सुजते, सूज वाढली की कानाचं भोक मिटत येतं आणि जबडा हलवतानाही दुखतं. स्युडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस हे यामागचे नेहमीचे जंतू.

दुखणं कमी पण खाज अनावर, कान भरल्यासारखा आणि आतून ओलसर पापुद्रे निघतात, तर बुरशीचा संशय घ्यावा. ॲस्परजिलस जातीची बुरशी आत भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी दिसते, राखाडी थरावर काळे ठिपके. कॅन्डिडा पांढरी, दह्याच्या चक्क्यासारखी असते. घरी हे दिसत नाही. डॉक्टरला दुर्बिणीतून एका नजरेत कळतं.

अजिबात न दुखता कान वाहत असेल, सर्दी झाली किंवा डोक्यावरून अंघोळ केली की हमखास वाहत असेल आणि ऐकू कमी येत असेल, तर पडद्याला भोक असण्याची शक्यता मोठी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाहणारा कान हा मधल्या, म्हणजे पडद्यापलीकडच्या, कानाचा जुनाट आजार समजून तपासावा लागतो. त्यातही स्राव भरपूर, पातळ, बिनवासाचा असेल तर निदान थोडा वेळ हाताशी आहे. थोडाच, पण कुजका वास येणारा, मधूनच रक्ताची रेघ असलेला स्राव असेल तर थांबू नका. अशा कानात पडद्याच्या वरच्या भागात त्वचेची पिशवी वाढून ती आजूबाजूचं हाड खात असू शकते. तिचं नाव कोलेस्टिॲटोमा, आणि ती थेंबांनी जात नाही, शस्त्रक्रियेनेच काढावी लागते.

आणखी एक प्रकार नेहमी निसटतो. कान खाजतो, कोरडे पांढरे कण पडतात, जंतू नाहीत, बुरशी नाही. हा त्वचेचा आजार असतो: इसब, सोरायसिस किंवा डोक्यात कोंडा होतो तसा. माणूस खाजवतो, त्वचा फाटते, फाटलेल्या जागेतून जंतू शिरतात. अशा कानाला दर वेळी अँटिबायोटिक देऊन काही होत नाही. डॉक्टरच्या सल्ल्याने सौम्य स्टिरॉइडचे थेंब काही दिवस आणि डोक्यातल्या कोंड्यावर इलाज, हे मुळावरचं औषध.

कोरडा कान, मग औषध

पू किंवा पापुद्रे भरलेल्या कानात थेंब घातले तर ते त्या घाणीवरच तरंगतात, त्वचेपर्यंत पोचत नाहीत. महागडं औषध वाया जाण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. पहिली सफाई डॉक्टरकडेच व्हावी, दुर्बिणीखाली, बारीक नळीने शोषून. पाच-दहा मिनिटांचं काम असतं आणि अर्धा आराम तिथेच पडतो. पिचकारीने पाणी मारून कान धुणं वाहणाऱ्या कानात नको. पडद्याची खात्री नसताना तर नकोच.

वाहणारा कान घरी पुसायचा तो वातीने, बड्सने नव्हे. साधा, वास नसलेला टिश्यू पेपर घ्या. त्याची बोटभर रुंदीची पट्टी फाडून, समईला वळतो तशी वात वळा. टोक मऊ राहील इतपतच पीळ द्या. हात साबणाने धुऊन कोरडे केलेले हवेत. कान वर-मागे ओढून वात नळीत हलकेच सरकवा. ढकलायची नाही, अडली तिथे सोडायची. एक मिनिट तशीच ठेवा. ओल स्वतःच वातीत चढते. काढून टाका, नवी घाला. वात कोरडी बाहेर येईपर्यंत हेच. पहिल्या दिवशी चार-पाच वातीही लागतात. दिवसातून तीन-चारदा हे केलं की स्राव घटताना डोळ्यांनी दिसतो. वात तशीच कानात ठेवून झोपायचं नाही आणि कापसाचा बोळा दिवसभर कोंबून ठेवायचा नाही. त्याने आत ओलावा कोंडतो.

थेंब घालण्याची रीत

बाटली तीन मिनिटं मुठीत धरून अंगाच्या उबेइतकी करा. थंड थेंब पडले की आतल्या कानातल्या तोलाच्या नळ्या चाळवतात आणि घर फिरतं. गॅसवर किंवा गरम पाण्यात बाटली ठेवू नका.

दुखरा कान वर करून कुशीवर झोपा. कान वर-मागे ओढा म्हणजे नळी सरळ होते. थेंब नळीच्या भिंतीवरून ओघळू द्या. थेट मधोमध पाडले तर हवा खाली अडकते आणि औषध वरच राहतं. ड्रॉपरचं टोक कानाला लागू देऊ नका. मग भोकासमोरचा तो उंचवटा चार-पाच वेळा हलका दाबा-सोडा, पंपासारखा. औषध आत उतरतं. पाच मिनिटं तसंच पडून राहा, घड्याळ बघून. उठल्यावर ओघळलेलं बाहेरून पुसा.

बाहेरच्या नळीच्या जंतुसंसर्गात सिप्रोफ्लॉक्सॅसिन ०.३ टक्के, बहुधा डेक्सामेथासोनबरोबर, ३ ते ४ थेंब दिवसातून दोनदा, ७ दिवस असा नेहमीचा क्रम असतो. दोन-तीन दिवसांत ठणका उतरतो. तेव्हाच बाटली फडताळात जाते आणि तीन आठवड्यांनी कान पुन्हा धरतो. सातही दिवस पुरे करावेत. सूज इतकी असेल की थेंब आत जातच नाहीत, तर डॉक्टर नळीत स्पंजची छोटी पट्टी बसवतात. तिच्यावर थेंब टाकत राहायचे, एक-दोन दिवसांनी ती काढतात किंवा बदलतात. पोटातून घ्यायच्या अँटिबायोटिकची यात सहसा गरज नसते, कारण थेंबांनी जागेवर मिळणारी औषधाची तीव्रता गोळीने कधीच मिळत नाही. गोळ्या लागतात त्या सूज कानाबाहेर चेहऱ्यावर पसरली, ताप आला किंवा मधुमेह असला तर.

ठणक्यावर पॅरासिटामॉल चांगलं काम करतं: ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दोन डोसांत किमान सहा तास, चोवीस तासांत आठांपेक्षा जास्त नाहीत. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू घेतली जात असेल तर मात्रा डॉक्टरला विचारूनच.

बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. चार आठवडे झाले की फेकून द्या. घरातल्या दुसऱ्याच्या कानात तीच बाटली नाही, आणि कानाचं औषध डोळ्यात कधीच नाही.

निओमायसिन किंवा जेंटामायसिन असलेले थेंब पडद्याला भोक असताना आतल्या कानात उतरून ऐकणं कायमचं कमी करू शकतात. निओमायसिनची कातडीला ॲलर्जीही पुष्कळांना होते. थेंब घातल्यावर कान आणखी लाल झाला, पाळीपर्यंत पुरळ आलं तर तो आजार वाढलेला नसून औषध बाधलेलं असतं. पडदा शाबूत आहे याची खात्री नसेल तर फार्मसीवर नाव सांगून थेंब घेऊ नयेत.

बुरशी: सगळ्यात चिवट

गोव्याच्या हवेत वर्षातून तीनदा कान खाजत असेल तर बुरशीचा विचार आधी करावा. जंतूंवरचे थेंब बुरशीला मारत नाहीत. उलट तिच्याशी जागेसाठी झगडणारे जंतू मरतात आणि तिला मोकळं रान मिळतं. "थेंब घातले आणि जास्तच खाजायला लागलं," ही तक्रार ऐकली की गोष्ट जवळजवळ उघड झाली.

इलाज दोन पायांवर उभा आहे. आधी दुर्बिणीखाली पूर्ण सफाई, कारण बुरशीचा थर तसाच ठेवून वरून घातलेलं औषध त्याच्या पोटात शिरत नाही. मग क्लोट्रिमॅझोल १ टक्का, ३ ते ४ थेंब, दिवसातून दोन-तीनदा. आणि हे कान बरा वाटल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवायचं. खाज सहसा चौथ्या-पाचव्या दिवशी थांबते, बीज मात्र त्वचेच्या सांदीत शिल्लक असतं. आठवड्याने सफाईसाठी पुन्हा जावं लागतं. तो फेरा चुकवू नका.

जंतूंवरचं, बुरशीवरचं, स्टिरॉइड आणि बधीर करणारं, असं चारही एकाच बाटलीत असलेलं मिश्रण बाजारात सहज मिळतं. ते घातलं की तासाभरात बरं वाटतं, म्हणून लोक ते महिनोन्महिने वापरतात. बधीर करणाऱ्या औषधाने दुखणं झाकलं जातं आणि स्टिरॉइडने बुरशीला आसरा मिळतो. हे मिश्रण आपल्या मनाने वापरू नये, याबद्दल आमचं मत अगदी ठाम आहे.

खोबरेल तेलाचंही बोलायलाच हवं. घरोघरी लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडायची सवय आहे, आणि ती मायेपोटीच आलेली आहे. पण तेलाने ओल आत अडकते, बुरशीला वाढायला अंथरूण मिळतं, आणि कोमट समजून घातलेलं तेल पडदा भाजून काढू शकतं. भोक असलेल्या पडद्यातून ते मधल्या कानात उतरलं तर काढणं अवघड. दुखऱ्या किंवा वाहत्या कानात तेल, आल्याचा रस, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काहीच नको.

पडद्याला भोक असेल तर

अशा कानाला पाण्याची बंदी ही औषधाइतकीच महत्त्वाची. अंघोळीआधी लिंबाएवढा कापूस घ्या, त्याच्या बाहेरच्या अंगाला व्हॅसलीन दाट चोळा आणि तो कानाच्या वाटीत नीट बसवा. नळीत खोल ढकलू नका. कोरडा कापूस उपयोगाचा नाही, तो पाणी ओढून आत नेतो. केस धुताना डोकं पुढे वाकवून धुवा.

वाहत असेल तेव्हा वातीने पुसून सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब, साधारण दोन आठवडे. त्यानंतरही थांबलं नाही तर पू तपासायला द्यावा लागतो, म्हणजे कोणता जंतू आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं ते कळतं. तपासणीआधी दोन-तीन दिवस थेंब बंद ठेवायचे का, हे डॉक्टरला विचारा.

कान कोरडा राहू लागला की पडदा बांधण्याची शस्त्रक्रिया करता येते. कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून ते भोकावर बसवतात. तिच्याआधी ऐकण्याचा आलेख काढतात, गरज पडल्यास सीटी स्कॅन करतात. नंतर चार-सहा आठवडे कानात पाणी नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, कान-नाक-घशाचा विभाग आहे. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतही या डॉक्टरांना दाखवता येतं.

वाहत्या कानामागे पुष्कळदा नाक असतं. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी सर्दी, ॲलर्जी, सायनस, नाकाचा वाकडा पडदा किंवा सिगारेटच्या धुराने सुजते आणि मधल्या कानात हवा जात नाही. नाक शिंकरताना एका वेळी एकच नाकपुडी, हलक्या जोराने. दोन्ही दाबून जोर लावला की नाकातली घाण कानात चढते. आणि मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साचून ते महिनाभर उतरत नसेल, तर नाकाच्या मागच्या भागाची दुर्बिणीने तपासणी करून घ्याच. तिथली गाठ कधी कधी अशीच कानातून पहिली खूण देते.

मधुमेह असेल तर हे वेगळं

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर-इंडियाब) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात आढळलं: २६.४ टक्के, देशाची सरासरी ११.४ असताना. म्हणून इथे कान दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येक प्रौढाची साखर बघितली पाहिजे, आणि कान वारंवार धरत असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणीही.

साखर जास्त असलेल्या, विशेषतः साठीपुढच्या माणसात स्युडोमोनासचा साधा संसर्ग कवटीच्या तळाच्या हाडात शिरू शकतो. ओळख अशी: दुखणं दिसणाऱ्या सुजेपेक्षा कितीतरी जास्त, रात्री झोपेतून उठवणारं, थेंबांना दाद न देणारं. पुढे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. याला आठवडेच्या आठवडे शिरेतून किंवा जास्त मात्रेची औषधं लागतात. मधुमेह्याचा कान दोन-तीन दिवसांच्या थेंबांनी उतारावर आला नाही तर त्याच आठवड्यात इस्पितळ गाठा. मधुमेह्याच्या कानात पिचकारीने पाणी मारणं टाळावं. हा आजार अशा धुण्यानंतर सुरू झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, तोंड वाकडं झालं, गरगरून उलट्या होत आहेत किंवा तापाबरोबर मान आखडली, तर रात्र उजाडायची वाट नको, १०८ बोलवा. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर तेही त्याच दिवशी दाखवा. त्यावरचं औषध जितकं लवकर तितकं लागू पडतं.

पाणी, बड्स आणि हेल्मेट

कानातला मळ ही घाण नाही. तो किंचित आंबट असतो, पाणी झटकतो आणि जंतूंना वाढू देत नाही. नळीची त्वचा आतून बाहेर सरकत असते आणि मळ आपोआप कडेला आणते. बड्स, कानकोरणं, हेअरपिन, आगपेटीची काडी, गाडीची चावी यांनी तो आत ढकलला जातो आणि आतल्या दोन-तृतीयांश भागाची अगदी पातळ त्वचा खरवडली जाते. ओल्या टॉवेलच्या टोकाने बोट जाईल तिथपर्यंत पुसा. तेवढंच आपलं काम.

समुद्राचं पाणी अल्कधर्मी असल्याने कानाचा आंबटपणा धुऊन टाकतं. २४ जूनच्या सांजांवला विहिरीत मारलेल्या उड्या, माशेलचा चिखलकाला, पहिल्या पावसात गढूळलेली तळी यांत तर माती आणि जंतू दोन्ही आत जातात. शाबूत पडद्याच्या माणसाने हे सोडायची गरज नाही. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुवा, डोकं एका बाजूला कलवून कानाची पाळी वेगवेगळ्या दिशांना ओढा, पाणी गळू द्या, मग दुसरी बाजू. त्यानंतर हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, कानापासून एक फूट लांब धरून, हलवत हलवत अर्धा-एक मिनिट.

वारंवार पोहणाऱ्यांसाठी पांढरं व्हिनेगर आणि ७० टक्के आयसोप्रोपिल स्पिरिट समभाग मिसळून पोहल्यावर चार-पाच थेंब घालण्याचा उपाय जुना आणि चांगला आहे. स्पिरिटने ओल उडते, व्हिनेगरने आंबटपणा परत येतो. पण पडदा शाबूत असल्याचं डॉक्टरने बघून सांगितलेलं असलं पाहिजे, आणि कान त्या वेळी दुखत किंवा वाहत नसावा. व्हिनेगर दुकानातलं, ४-५ टक्क्यांचं, गाळलेलं. घरचं माडाचं व्हिनेगर आमसुलासारखं स्वयंपाकातच शोभतं; त्याचा आंबटपणा दर बाटलीला वेगळा असतो आणि तळाशी गाळ असतो, ते कानात नको.

संसर्गानंतर ७ ते १० दिवस पाण्यात उतरू नका. पडद्याला भोक असलेल्यांनी स्कूबा डायव्हिंग करूच नये. सर्दीत विमानप्रवास टळत नसेल तर उतरण्यापूर्वी जांभया, गिळणं, च्युइंगगम. नाक मोकळं करणारे थेंब रक्तदाब नसलेल्यांना अर्धा तास आधी चालतात, मात्र तीन-चार दिवसांपलीकडे ते नकोत.

पावसात भिजलेलं हेल्मेट तसंच डोक्यावर चढतं, हे इथे कुणाच्या लक्षात येत नाही. आतली गादी सुटी होत असेल तर आठवड्याला साबणाने धुवा, रात्री पंख्याखाली उलटं ठेवा. इअरफोनची रबरी टोपणं स्पिरिटने पुसा, दुसऱ्याची वापरू नका, तासन्‌तास कान बंद ठेवू नका. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी रात्री ते काढून सिलिका जेलच्या डबीत ठेवावं आणि साचा आठवड्याला कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. कान वाहत असेल त्या दिवसांत यंत्र त्या कानात घालू नये.

दाखवायला जाल तेव्हा आतापर्यंत घातलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, रिकाम्याही. आणि थेंबांचा कोर्स संपल्यावर, काहीच त्रास नसताना, एकदा परत जाऊन पडदा बघून घ्या. सुजेच्या दिवसांत नळी मिटलेली असते आणि पडदा दिसत नाही. भोक आहे की नाही ते या दुसऱ्या भेटीतच कळतं.